सध्या काय वाचताय? पावसाळी धागा: अद्भुत, विज्ञानकथा आणि मधलं सगळं

मांडवीपल्याड | रविवार, रात्री ९.४०

मागचा धागा भुतं खरी की खोटी या वादात बुडाला, म्हणून नवा काढतेय. सध्या हातात काय आहे ते सांगा. अद्भुतकथा, विज्ञानकथा, भयकथा, काहीही चालेल, मराठी असो, इंग्रजी असो, भाषांतर असो. फक्त 'भारी आहे' एवढं लिहून पळू नका. का भारी ते सांगा, आणि शेवट फोडू नका.

माझ्यापासून सुरुवात. सुझॅना क्लार्कची 'पिरानेसी', २०२० ची कादंबरी. गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीत वाचतेय, सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना. एका खेपेत तीन-चार पानं होतात. फेरी चुकली तर दहा-बारा, त्यामुळे हल्ली चुकली तरी राग येत नाही.

एक माणूस एका घरात राहतो आणि त्या घराला अंतच नाही. दालनामागून दालन, दालनांत संगमरवरी पुतळे. खालच्या मजल्यात समुद्र शिरलेला, वरच्या मजल्यात ढग. त्याचं जग तेवढंच. त्याच्याखेरीज जिवंत माणूस एकच, तो मंगळवारी आणि शुक्रवारी भेटतो. बाकी तेरा जणांची हाडं. आणि हा गडी दिवसभर करतो काय, तर भरतीचा हिशेब ठेवतो. कुठल्या दालनात पाणी कधी चढणार, किती चढणार, सगळं वहीत. पहिल्याच पानावर तीन दिशांच्या तीन भरत्या एका ठिकाणी येऊन मिळतात आणि हा ते बघायला भिंतीवर चढून एका पुतळ्याला धरून बसतो. ते वाचताना फेरीच्या लोखंडी फळीवर पाणी आपटत होतं. मी उतरायचं विसरले. खरंच. मागून स्कूटरवाल्याने हॉर्न मारला.

मला या प्रकाराचा मुळात नाद नाही. सुरुवातीला नकाशा, मग सहाशे पानं आणि प्रत्येक नावात दोन-तीन टिंबं, असं दिसलं की मी पुस्तक खाली ठेवते. हे तसलं नाही.


सुकोबांगडो | रविवार, रात्री ९.५५

शेवट फोडू नका म्हणता आणि तेरा सांगाडे स्वतःच फोडलेत.


मांडवीपल्याड | रविवार, रात्री ९.५८

ते सुरुवातीलाच येतात रे बाबा.


रसायनमास्तर | रविवार, रात्री १०.२०

अँडी वीअरचं 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१) दुसऱ्यांदा वाचतोय. कारण वैयक्तिक आहे. नायक शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. पृथ्वी वाचवायला कोणाला पाठवलं, तर मास्तरला! आमच्या शाळेत मास्तरला जनगणनेला आणि मतदार यादीला पाठवतात.

माणूस यानात जागा होतो, स्वतःचं नाव आठवत नाही. मग काय करतो, तर एक वस्तू हातातून सोडतो आणि खाली पडायला किती वेळ लागला ते मोजतो. त्यावरून गुरुत्वाकर्षण काढतो आणि आपण पृथ्वीवर नाही हे ओळखतो. हा धडा मी नववीला जसाच्या तसा घेतला. एरवी खिडकीबाहेर बघणारी दोन पोरं त्या दिवशी फळ्याकडे बघत होती.

भाषा साधी आहे, विनोद कधी कधी पोरकट. माणसांचे स्वभाव रंगवण्यात वीअर कच्चा, असं माझं मत. पण आकडेमोडीत रहस्य कसं भरावं ते त्याच्याकडून शिकावं.


पेटीवाला | रविवार, रात्री १०.४१

मास्तर, त्यात जो दुसरा भेटतो (नाव घेत नाही, बांगडो ओरडेल) तो सुरांत बोलतो हे सांगितलं नाहीत! शब्द नाहीतच, दोन-तीन सूर एकदम लावतो आणि तेच वाक्य. नायक आधी संगणकावर त्या सुरांचा कोश करतो, पुढे कानाला सवय होऊन तसाच समजायला लागतो. मी भजनाला पेटी वाजवतो. गायकाने नुसता श्वास घेतला की कुठला सूर येणार ते हाताला आधी कळतं. हे त्या लेखकाला कुठून कळलं देव जाणे.

बाकी त्यातलं विज्ञान मी पानं उलटून पुढे गेलो.


रसायनमास्तर | रविवार, रात्री १०.४४

विज्ञान उलटून? मग उरलं काय?


पेटीवाला | रविवार, रात्री १०.४५

पेटी.


सुकोबांगडो | रविवार, रात्री ११.३०

माझं सध्या लिऊ छशिन. 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. मूळ चिनी पुस्तक २००८ चं, इंग्रजीत केन लिऊने २०१४ ला आणलं, पुढच्याच वर्षी ह्युगो मिळालं. पहिली साठ-सत्तर पानं नावांत घोळ होतो. मी शेवटी बुकमार्कच्या मागे नावं आणि नाती लिहून काढली, लग्नाच्या आमंत्रणाची यादी करतात तशी.

सुरुवात चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत. एका मुलीच्या डोळ्यांदेखत तिच्या प्राध्यापक वडिलांना मारतात. पुढे जे काही होतं त्याचं मूळ तिथे. मला वाटलं होतं परग्रहवासी म्हणजे बंदुका आणि तबकड्या. इथे एका माणसाचा माणसांवरचा विश्वास उडतो, आणि त्याची किंमत सगळ्या जगाला.

आता मजेचा भाग. त्यात एक जग आहे, तीन सूर्यांचं. सूर्य कधी उगवतील, किती तापतील, काही नेम नाही. मग तिथले लोक वाईट काळ आला की अंगातलं पाणी काढून टाकतात, वाळतात, त्यांची गुंडाळी करून कोठारात रचून ठेवतात. दिवस बरे आले की पाण्यात टाकायचं, पुन्हा टवटवीत.

हे आमचं पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी आहे! एप्रिल-मेमध्ये आई गच्चीवर बांगडे वाळवते आणि ऑगस्टात पाण्यात घालते. एवढी मोठी संस्कृती शेवटी आमच्या माळ्यावरच्या डब्यात निघाली. हे आयडी मी तेव्हाच घेतलं.


कुळागर | सोमवार, सकाळी ६.५०

बांगड्या, सकाळी सकाळी चहा सांडवलास माझा.

मी उर्सुला ले ग्विनकडे परत गेलेय. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८. पहिल्यांदा कॉलेजात वाचलं तेव्हा जादूच्या शाळेपुरतं आवडलं. आता चाळिशीत वाचताना वेगळंच दिसतंय. त्या बेटांच्या जगात प्रत्येक वस्तूचं एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं त्याची वस्तूवर सत्ता. म्हणून कोणी आपलं खरं नाव सांगत फिरत नाही, वापरायला दुसरंच.

आमच्या घरी रात्री साप म्हणायची बंदी होती. 'जनावर' म्हणायचं. पोफळीच्या बागेत कंदील घेऊन जाताना काका 'लांबडं दिसलं काय गो' असं विचारायचे. नाव घेतलं की येतं, म्हणून. ले ग्विनचं पान वाचताना मला काका आठवले. तिने हे कुठून उचललं हा प्रश्नच नाही, तिचे वडील मानववंशशास्त्रज्ञ होते, घरात असल्या गोष्टींची रास असणार. पण ती जादू सांगताना आवाज चढवत नाही. नांगर कसा धरावा ते सांगावं तसं सांगते.

आणखी एक. नायक गेड तांबूस-तपकिरी रंगाचा आहे. हे तिने मुद्दाम केलं, आणि पुष्कळ प्रकाशकांनी मुखपृष्ठावर त्याला वर्षानुवर्षं गोरा रंगवला.


जुना कंदील | सोमवार, सकाळी ८.१५

सगळे इंग्रजीच वाचता वाटतं. मराठीत सुकाळ होता एके काळी, तो तुम्हा पोरांना माहीत नाही म्हणून लिहितो.

मी लहान असताना घरी मुंबईहून पार्सल यायचं, त्यात भा. रा. भागवत. 'मुक्काम शेंडेनक्षत्र', 'चंद्रावर स्वारी'. ज्यूल व्हर्न फ्रेंच आहे हे मला फार उशिरा कळलं, तोवर तो भागवतांच्या ओळखीतला कोणी पुण्याचा गृहस्थ असावा अशी समजूत होती. तो कॅप्टन निमो आपल्याकडचा, हे किती जणांना ठाऊक? 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये उघड होतं: बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपूचा भाचा, सत्तावन्नच्या बंडात लढलेला. व्हर्नच्या मनात आधी पोलिश सरदार होता. प्रकाशकाला रशियातलं गिऱ्हाईक गमवायचं नव्हतं म्हणून तो बेत बारगळला. प्रकाशकाच्या धंद्यापायी आपल्याला पाणबुडीवाला राजपुत्र मिळाला.

मग नारायण धारप. लोक 'लुचाई' म्हणतात (ती स्टीफन किंगवर बेतलेली, ठीक आहे), पण धारपांच्या विज्ञानकथा कोणी काढत नाही. 'नेनचिम' वाचा, 'गोग्रॅमचा चितार' वाचा. माझ्या प्रती आता वाचण्याजोग्या राहिल्या नाहीत. दर पावसात कपाटात कापराच्या वड्या टाकतो तरी पानांवर तांबूस ठिपके येतात. वाळवी लागली तर निदान एकदाच खाऊन मोकळी होते. बुरशी छळते.


आठशेएक्क्याण्णव | सोमवार, दुपारी १.०५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. माझा आयडी कळला नसेल त्यांच्यासाठी: डेव्हीच्या वर्गीकरणात ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. ५०० म्हणजे विज्ञान. आता एका वाचनालयात (नाव विचारू नका) काय झालं ते ऐका. कोणा उत्साही माणसाने सगळी 'विज्ञानकथा' लिहिलेली पुस्तकं ५०० मध्ये लावली. दहावीच्या रसायनशास्त्राच्या गाईडशेजारी सुबोध जावडेकर, त्याच्या पलीकडे 'आपली सूर्यमाला', मग लक्ष्मण लोंढे. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही, कारण कथा वाचणारे त्या बाजूला फिरकत नाहीत आणि गाईड नेणाऱ्यांना कथा नको.

मी एका शनिवारी गुपचूप सगळी उचलून कादंबऱ्यांत आणली. महिन्याभरात जावडेकरांची 'आकांत' चार जणांनी नेली. भोपाळच्या वायुगळतीवरची कादंबरी, ती रसायनशास्त्रात पडून होती. एका अर्थी बरोबरच म्हणा.

धारप मात्र मला कधी शोधावे लागले नाहीत. ते कायम बाहेर असतात, आणि परत येतात ते शेवटचं पान नसलेले.


मांडवीपल्याड | सोमवार, दुपारी १.३०

शेवटचं पान कोण फाडतं हो? शेवट फोडणाऱ्यांपेक्षा वाईट जमात!

कंदीलकाका, जी. ए. धरायचे का यात? 'रमलखुणा' (१९७५) मध्ये दोनच दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. गाव कुठलं माहीत नाही, काळ कुठला माहीत नाही, नावं कुठल्याच भाषेतली नाहीत. इंग्रजीत असतं तर दुकानात ड्रॅगनच्या शेजारी ठेवलं असतं.


जुना कंदील | सोमवार, दुपारी २.१०

जी. ए. ना ड्रॅगनशेजारी ठेवाल तर मी हा धागा सोडेन.


आठशेएक्क्याण्णव | सोमवार, दुपारी २.१२

८९१.४६. सगळे तिथेच, भांडू नका.


कुळागर | सोमवार, रात्री ९.२०

मला तर ते अद्भुतच वाटतं, आणि त्यात कमीपणा काय? धारवाडला इंग्रजी शिकवणारा माणूस, जगभरचं वाचलेला. आपणच 'अद्भुत' म्हटलं की मुलांचं समजतो.

त्यावरून आठवलं. मागच्या धाग्यात कोणीतरी लिहिलं होतं, मराठीत फँटसी का नाही, आपल्याकडे तर देवचार, राखणदार, सगळा माल तयार आहे. मी त्यावर महिनाभर विचार करतेय. माझ्या आजीसाठी देवचार हा 'माल' नव्हता, शेजारी होता. गावाची वेस राखतो, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री चुकलेल्याला वाटेला लावतो. वर्षाला त्याचं त्याला द्यायचं. आजी त्याच्याबद्दल बोलायची ते सरपंचाबद्दल बोलावं तसं, थोडी भीती आणि थोडी तक्रार. त्याच्यावर कादंबरी लिही म्हटलं असतं तर तिला कळलंच नसतं कशाबद्दल बोलतोय.

पण आरवलीच्या वेतोबाला चपला वाहतात ना, एवढाल्या? लहानपणी आम्ही गेलो तेव्हा आजीने मला त्यातली एक जोडी दाखवली आणि म्हणाली, तळवा बघ, झिजलाय. म्हणजे फिरतो. मी सात वर्षांची असेन. मूर्ती बघून भीती वाटली नव्हती, झिजलेला तळवा बघून वाटली.

'पिरानेसी' मी वाचलेली नाही, पण त्याची भरतीची वही आणि वेतोबाच्या चपला मला एकाच घरातल्या वाटतात.


जुना कंदील | सोमवार, रात्री ९.५०

बाय, श्रद्धेला कथा म्हणू नका एवढीच विनंती. लोक दुखावतात.


कुळागर | सोमवार, रात्री ९.५६

काका, मी उलटं म्हणतेय. कथेला तेवढं खरं व्हावं लागतं.


मानशीवरचा | मंगळवार, पहाटे ५.१५

नमस्कार. मी इथे नुसता वाचत असतो, लिहीत नाही. पण भरतीच्या वहीचा विषय निघाला म्हणून.

आम्ही जुव्यांतले, गोव्यातल्या बेटावरचे. खाजण शेती, आणि मानशीवर मासळीची पावणी (लिलाव) घेतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, मानस म्हणजे बांधातली दारं. भरती चढली की पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, खारं पाणी शेतात शिरत नाही. सुकती लागली की आतलं पाणी दारं ढकलून बाहेर पडतं. यंत्र नाही, वीज नाही. दारात काठी अडकली, ओंडका अडकला तर मात्र संपलं, म्हणून पावसात माणूस लागतो.

माझ्या आजोबांकडे वही नव्हती. त्यांना फक्त तिथी लागायची. तिथीला पाऊणपट करायचं. समजा पंचमी, तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. अमावास्या-पुनवेला बाराच्या थोडं आधी. पाऊणकी शाळेत मास्तरांनी मारून पाठ करून घेतली होती, ती कशासाठी ते मानशीवर कळलं.

त्या पुस्तकातल्या माणसाला तिथी कशी कळते? चंद्र दिसतो का त्याला?


मांडवीपल्याड | मंगळवार, सकाळी ८.४०

दिसतो! पुस्तकातलं पहिलं वाक्यच चंद्र उगवल्याचं आहे. आणि वर्षाला तो आकडा देत नाही, त्या वर्षी कुठला पक्षी आला त्यावरून नाव देतो. अल्बट्रॉस आला ते वर्ष.

पाऊणकीचं मला माहीतच नव्हतं. रोज फेरीत बसते आणि भरतीची वेळ मोबाईलवर बघते. आज बघून ताळा घेतला, वीस मिनिटांचा फरक. आजोबांना नमस्कार.


रसायनमास्तर | मंगळवार, संध्याकाळी ४.३०

वा! हे बरोबर का येतं ते सांगतो, मुलांना सांगायला उपयोगी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते कारण चंद्र रोज तेवढा मागे पडतो. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. पंधरा तिथ्यांत सव्वाअकरा तास होतात, हवेत बारा. म्हणजे पक्षाच्या शेवटी पाऊण तासाची चूक, आणि पुनवेला 'बाराच्या थोडं आधी' म्हणून आजोबांनी ती सांभाळून घेतली. कागद न घेता एवढं अचूक, अजून काय पाहिजे?

मी या वर्षी नारळीकरही परत काढलेत. मागच्या वर्षी २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हापासून 'यक्षांची देणगी' टेबलावर आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी करून बघा. नावाचं वजन न वापरता पहिलं बक्षीस.

मला सगळ्यांत आवडते ती 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात पोचतात जिथे पानिपतात मराठे जिंकलेत. फरक कुठे पडला? विश्वासरावांना लागायची ती गोळी चाटून गेली. बस्स, एवढाच. आणि गायतोंडे आडनाव बघून गोंयकार वाचकाची कॉलर ताठ होते ते वेगळंच.


सुकोबांगडो | मंगळवार, संध्याकाळी ५.०२

यावर आपल्याकडची कथा कोणी का लिहीत नाही? समजा १९६७ च्या जनमत कौलात, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का त्या, चौतीस हजार मतं इकडची तिकडे...


आठशेएक्क्याण्णव | मंगळवार, संध्याकाळी ५.०३

नको.


पेटीवाला | मंगळवार, संध्याकाळी ५.०३

नको नको.


मांडवीपल्याड | मंगळवार, संध्याकाळी ५.०६

बांगड्या, हा धागा मला ऑगस्टपर्यंत चालवायचाय. दुसरं साल घे.


सुकोबांगडो | मंगळवार, संध्याकाळी ५.२०

बरं, १६८३. संभाजीराजे गोव्यावर आले ते साल. पोर्तुगीज एवढे टेकीला आले होते की विजरईने (व्हाइसरॉयने) जुन्या गोव्यात जाऊन सेंट झेवियरच्या शवापाशी आपला राजदंड ठेवला, आता तूच सांभाळ म्हणून. मग शाह आलमची मोगल फौज येऊन ठेपली आणि राजांना माघारी फिरावं लागलं. समजा शाह आलम वाटेत अडकला असता. आपण आज कुठल्या भाषेत भांडत असतो?


मानशीवरचा | मंगळवार, रात्री ११.४०

ती लढाई आमच्याकडची. जुव्यांचा कोट मराठ्यांनी घेतला तो २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री. लहानपणापासून ऐकतोय की पाणी ओसरलं होतं तेव्हा आले. दुसऱ्या दिवशी विजरई स्वतः फौज घेऊन आला आणि मार खाऊन, जखमी होऊन परतला. राजांनी खाडीत घोडा घातला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं तीही गोष्ट इथलीच सांगतात.

मला शाह आलमचं सुचत नाही, ते मोठ्या लोकांचं. माझा प्रश्न असा की त्या रात्री तिथी कोणती होती? मास्तर, तुमच्याकडे संगणक आहे.


रसायनमास्तर | बुधवार, रात्री १२.५५

झोप गेली माझी.

पोर्तुगालने १५८२ मध्येच नवं कॅलेंडर घेतलं, त्यामुळे तारखेत दहा दिवसांचा घोळ नाही. तिथून महिन्याच्या सरासरी लांबीने (साडेएकोणतीस दिवस आणि वर पाऊण तास) मागे मोजत गेलो. चंद्र साधारण साडेपाच दिवसांचा येतो. म्हणजे शुद्ध षष्ठी. सरासरीने मोजलंय म्हणून फार तर एक तिथी इकडेतिकडे.

आता तुमची पाऊणकी तुम्हीच करा.


मानशीवरचा | बुधवार, पहाटे ४.५०

सहा पाऊण साडेचार. साडेचारला भरती. सहा तासांनी, रात्री साडेदहाच्या सुमारास, पूर्ण सुकती.

आणि षष्ठीचा चंद्र त्याच सुमाराला मावळतो. पाणी नाही आणि उजेड नाही. ज्याने ही वेळ काढून दिली त्याला मानशीवरचं काम येत होतं.


कुळागर | बुधवार, सकाळी ६.३०

अंगावर काटा.


सुकोबांगडो | बुधवार, सकाळी ७.४५

ही कथा आहे. शाह आलम वगैरे सोडा. कोणीतरी खाजणातला म्हातारा, त्याला बोटांवर पाऊणकी करता येते, आणि त्या रात्री त्याला कोणीतरी विचारतं, कधी ओसरेल? तो खरं सांगतो की तासभर चुकीचं सांगतो, त्यावर पुढचं सगळं. गंगाधरपंतांची गोळी चाटून गेली तशी इथे एक तिथी.


जुना कंदील | बुधवार, सकाळी ८.३०

लिही रे पोरा. आणि त्या म्हाताऱ्याला देवचार भेटव असं मी सांगणार होतो, पण नको. पाऊणकी पुरे.


मांडवीपल्याड | बुधवार, सकाळी ९.१०

मानशीवाले बाब, माझी 'पिरानेसी' काल संपली. तुम्हाला द्यायची आहे, आधी तुम्हालाच. उद्या गुरुवार, बाणस्तारीच्या बाजाराला येणार का? मी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून आणते.


मानशीवरचा | बुधवार, दुपारी १२.२०

येतो. इंग्रजी मला जेमतेम, पण मुलगी बारावीला आहे, ती वाचून सांगेल.


मानशीवरचा | रविवार, संध्याकाळी ५.३५

मुलीने वीस पानं वाचली. रोज रात्री थोडं वाचते आणि कोकणीत सांगते. त्या तीन भरत्यांच्या जागी मी तिला दोनदा थांबवलं. पाणी भिंतीवर पंधरा मीटर चढतं म्हणे, आमच्याकडे दोन मीटरला बांध जातो. पण आधी हवा बदलते, मग आवाज येतो, मग पाणी दिसतं, हा क्रम त्या बाईने बरोबर लिहिलाय. कुठेतरी उभी राहून बघितलं असणार तिने.

बाकीचं परत आलो की लिहितो. आज अष्टमी, सहाला भरती, आणि दुपारपासून वरच्या अंगाला जोराचा पाऊस आहे. मानशीत काही अडकलंय का बघून येतो.